उन्हाची नोंद ठेवणारी बाई

चंदीगडच्या पश्चिम कडेला एका शेती संशोधन संस्थेचं जुनं शेत आहे. त्याच्या मधोमध तारेचं कुंपण घातलेली, बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी मोकळी जागा. आत पर्जन्यमापक, पांढऱ्या जाळीच्या पेटीतले तापमापक, वाऱ्याचा कोंबडा. आणि एका सिमेंटच्या खांबावर पितळी वाटीत बसवलेला काचेचा भरीव गोळा, मोठ्या मोसंबीएवढा. शशिकला शिंत्रे यांची तीस वर्षं या कुंपणाच्या आत गेली.

हा गोळा म्हणजे ऊन मोजायचं यंत्र. त्याच्या मागे वाटीत जाड कागदाची एक पट्टी सरकवतात. तिला सगळे कार्डच म्हणतात. उन्हाचा किरण गोळ्यातून एकवटून कार्डावर पडतो आणि तेवढी जागा जाळतो. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ पुढे जाते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी कार्ड काढलं की त्या दिवशी कितीपासून कितीपर्यंत ऊन होतं, ते कार्डावरच लिहिलेलं असतं. यंत्राला ना वीज लागते, ना चावी. माणूस मात्र लागतो. रोज सूर्य मावळल्यावर जुनं कार्ड काढून नवं घालायला. रविवारी आणि दिवाळीतसुद्धा.

शशिकलाबाई मूळच्या गडहिंग्लजच्या. बी.एस्सी. झाल्या आणि श्रीराम शिंत्रे यांच्याशी लग्न होऊन १९८७च्या मे महिन्यात चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत आल्या. श्रीराम सैन्याच्या शिक्षण विभागात हवालदार होते, जवानांना गणित शिकवायचे. पहिल्याच जूनमध्ये शशिकलाबाईंचा गोंधळ उडाला. देवापाशी दिवा लावायला त्या तिन्हीसांज व्हायची वाट बघत बसायच्या आणि घड्याळात साडेसात वाजले तरी अंगणात लख्ख उजेड.

"गडहिंग्लजचा सूर्य कधीच घरी गेला असता की," त्या म्हणाल्या.

श्रीराम हसले. त्यांनी समोरची मोसंबी उचलली, तिच्यात आरपार विणायची सुई खुपसली आणि ती तिरकी धरून टेबलावरच्या दिव्याभोवती फिरवून दाखवली. "आपली पृथ्वी अशी कललेली आहे. सरळ उभी असती तर वर्षभर, सगळीकडे दिवस बारा तासांचा आणि रात्र बारा तासांची. ना उन्हाळा, ना थंडी. जितकं उत्तरेला जावं तितका हा कल जास्त जाणवतो. गडहिंग्लजला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात दोन तासांचा फरक. इथं चार तासांचा."

"मग दिवा कधी लावायचा?"

"सूर्य बुडाला की. घड्याळाकडे बघू नकोस."

त्या डिसेंबरात सव्वापाचलाच अंधारून यायला लागलं तेव्हा त्यांना ते पटलं.

१९९३ साली डोंगरातल्या रस्त्यावर जीप दरीत गेली आणि श्रीराम गेले. शशिकलाबाई अठ्ठावीस वर्षांच्या, मुलगा कैवल्य तीन वर्षांचा. थोरला भाऊ न्यायला आला. पण माघारी गेल्यावर आपली जागा कुठली असेल, हे त्यांना नीट दिसत होतं. माजघराचा कोपरा, आणि सणासुदीला तोही नाही. "इथं मला कुणी ओळखत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "ते बरं आहे." भाऊ दोन दिवस समजूत घालत राहिला आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसला.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांना या शेतावर निरीक्षकाची नोकरी लागली. सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद. आणि सूर्यास्तानंतर कार्ड. सेक्टर अडतीसमध्ये एका सरदारजींच्या गच्चीवरची खोली त्यांनी भाड्याने घेतली. तिथून शेत सायकलने पंचवीस मिनिटं. खालच्या मजल्यावर सरदारजींची आई राहायची. तिला सगळे बीजी म्हणत. ती म्हणाली, "काके नूं मैं देख लवांगी, तू जा." म्हणजे पोराकडे मी बघते.

कार्डांचे तीन प्रकार असतात. उन्हाळ्यात दिवस मोठा आणि सूर्य उंचावरून जातो, त्यासाठी लांब, वाकडं कार्ड. हिवाळ्यासाठी आखूड, उलट बाजूला वाकलेलं. आणि मधल्या काळात, दिवस-रात्र सारखे होतात त्याच्या आगेमागे, सरळ पट्टी. प्रत्येकाची वाटीतली खाच वेगळी. बारा एप्रिल, तीन सप्टेंबर, पंधरा ऑक्टोबर, एक मार्च या बदलायच्या तारखा. शशिकलाबाईंना वर्ष म्हणजे या चार तारखा. लोक चैत्र, आषाढ म्हणतात. त्या मनातल्या मनात लांब, सरळ, आखूड, सरळ म्हणायच्या.

तीस वर्षांत त्यांचं एकही कार्ड चुकलं नाही. ताप असला तरी जायच्या. आई वारली तेव्हा त्या गेल्या नाहीत. गडहिंग्लज दोन दिवसांच्या वाटेवर होतं, पोचेपर्यंत सगळं आटोपलंच असतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत. मग हळूहळू आमंत्रणं यायची थांबली. जानेवारीत आठ-आठ दिवस धुकं बसायचं, सूर्य दिसायचाच नाही. कार्ड जसं घातलं तसंच कोरं निघायचं. तरी त्या जायच्या. कोऱ्या कार्डावर तारीख लिहायच्या, पुढे शून्य लिहायच्या आणि नवं कार्ड घालायच्या.

कैवल्य मोठा झाला, इंजिनिअर झाला, २०१६ साली न्यूझीलंडला क्राइस्टचर्चला गेला. तिथेच पुण्याच्या संपदाशी त्याचं लग्न झालं. लग्न नोंदणी पद्धतीने झालं आणि शशिकलाबाईंनी ते फोनवर पाहिलं. त्यानंतर त्यांनी विमानतळाजवळच्या एअरोसिटी वसाहतीत एका खोलीचा फ्लॅट घेतला. शेजारच्यांना एवढंच माहीत होतं की या बाई महाराष्ट्रातल्या आहेत आणि संध्याकाळी कधीच घरी नसतात.

२०२४च्या जानेवारीत संस्थेत नवीन स्वयंचलित केंद्र आलं. ते बसवायचं काम डॉ. मधुरिमा कर्णिक यांच्याकडे होतं. त्या नाशिकच्या, वय चाळिशीचं, शहराबाहेरच्या नॉलेज सिटी या संशोधन-वसाहतीतल्या संस्थेतून खास या कामासाठी आलेल्या. कुंपणात एक पांढरा खांब उभा राहिला, त्यावर दोन काळ्या डोळ्यांसारखे सेन्सर. ऊन, वारा, पाऊस, सगळं दर मिनिटाला आपोआप संगणकावर.

"शशिकलाताई, पक्कं एक वर्ष दोन्ही नोंदी सोबत घेऊ या," मधुरिमा म्हणाल्या. "तुमची जुनी आणि आमची नवीन. दोन्ही जुळतात का ते सगळ्या ऋतूंत बघावं लागतं. एक पूर्ण फेरी."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही रिटायर होताच आहात ना, पुढच्या वर्षी एकतीस जानेवारीला? अगदी बरोबर बसतंय."

शशिकलाबाईंनी मान हलवली. पृथ्वीची एक फेरी. मग सुट्टी.

त्या जूनमध्ये कैवल्यचा फोन आला. संपदाला दिवस गेले होते, ऑक्टोबरच्या शेवटाची तारीख होती. "तू आ जा, आई. तुझा व्हिसा मी काढतोय."

"एक फेब्रुवारीला निघते. लगेच दुसऱ्या दिवशी."

"बेबी ऑक्टोबर में है, आई."

"वर्ष पुरं व्हायचं आहे रे. मध्येच तुटलं तर..."

मग तो म्हणाला, "ठीक है. काम कर तू." आणि फोन ठेवला.

अठ्ठावीस ऑगस्टला सकाळी पुन्हा फोन वाजला. मुलगी झाली होती. आठ आठवडे आधीच. पावणेदोन किलोसुद्धा भरली नव्हती. कैवल्य नीट बोलत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. या वेळी त्याने ये म्हटलं नाही. शशिकलाबाई म्हणाल्या, "मी निघते."

शेतावर गुरमेल सिंग नावाचा माळी होता, त्यांच्याच वयाचा. दोन संध्याकाळी त्यांनी त्याला सोबत घेऊन कार्ड कसं काढायचं, कसं घालायचं ते दाखवलं. तीन तारखेपासून सरळ कार्ड, मधल्या खाचेत, हे चारदा सांगितलं. कागदावर हिंदीत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं. गुरमेल म्हणाला, "फ़िक्र ना करो, मैडम जी." एकतीस तारखेला त्या विमानात बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

क्राइस्टचर्चला वसंत सुरू होत होता. कैवल्य त्यांना विमानतळावरून थेट हॉस्पिटलात घेऊन गेला. काचेच्या पेटीत एक तळहाताएवढं तोंड, नाकात नळी. संपदा शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. त्या वॉर्डात पडदे ओढलेले आणि दिवे कायम एकाच उजेडाचे. बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, ते कळत नव्हतं. शशिकलाबाईंनी काचेवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. काचेवर डाग पडू द्यायचा नाही, ही सवय.

दिवसभर मुलगा-सून हॉस्पिटलात, शशिकलाबाई घरी एकट्या. स्वयंपाक करून डबे भरायच्या, कपडे धुवायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी कपडे घराच्या दक्षिणेच्या अंगणात वाळत घातले. संध्याकाळी बघतात तर तसेच ओले, गार. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कैवल्य घरी होता, तो म्हणाला, "आई, उधर धूप नहीं आती. इथे सूर्य उत्तरेकडून जातो."

त्यांना हे माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, श्रीरामांनी त्या मोसंबीवर दाखवलेलंही होतं. पण साठ वर्षं ज्या बाजूला ऊन शोधलं त्याच बाजूला हात आपोआप गेला होता. त्या उत्तरेला तोंड करून उभ्या राहिल्या. सूर्य उजवीकडून डावीकडे चालला होता. आपल्याकडे दक्षिणेला तोंड केलं की तो डावीकडून उजवीकडे जातो. त्यांना थोडी घेरी आल्यासारखं झालं. त्या पायरीवर बसल्या.

बावीस सप्टेंबरच्या आसपासची गोष्ट. मुलीच्या नाकातली नळी त्या दिवशी निघाली होती. कैवल्य सहाच्या सुमाराला घरी आला. शशिकलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या, गॅसवर चहा उतू जात होता. त्याने गॅस बंद केला.

"कार्ड का टाइम हो गया?" तो म्हणाला.

त्या ओशाळल्या. "अरे, सवय."

तो चहा गाळून टेबलाशी बसला. खूप दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता, आणि त्यामुळेच बहुधा तो बोलायला लागला. मराठी सुरू करायचा आणि मध्येच हिंदीत जायचा, लहानपणापासूनचं त्याचं तसंच.

"मला डिसेंबर फार आवडायचा, माहितीये? बाकी सब को गर्मी की छुट्टियाँ अच्छी लगती थीं. मला नाही. जूनमध्ये तू साडेआठला यायचीस. बीजी के यहाँ सब खाना खाने बैठ जाते थे, मी जिन्यावर बसायचो. डिसेंबरमध्ये तू साडेसहाला यायचीस. अंधेरा होते ही मुझे पता होता था, अब आएगी." तो हसला. "स्कूल में टीचर ने पूछा, दिवस लहान-मोठे का होतात? मैंने कहा, मम्मी के काम की वजह से. सगळी क्लास हसली."

शशिकलाबाईंना डिसेंबर म्हणजे सायकलच्या दांड्यावर बधिर झालेली बोटं, धुकं आणि अंधारात समोरून येणारे ट्रक. त्या महिन्याची कुणी वाट बघत असेल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"मला सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या.

"किसको बताता? तू तर तिकडे होतीस."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. चौतीस वर्षांचा माणूस, कानशिलावर एक-दोन पांढरे केस. खोटं बोलून भागलं असतं. नोकरी होती, पोटासाठी करावं लागलं, असं म्हटलं असतं तर त्याने मानही डोलावली असती.

"कैवल्य, खरं सांगू? कार्ड बदलायला पाच मिनिटं पुरतात. मी अर्धा-पाऊण तास तिथं बसायची. जून असो, डिसेंबर असो. तुझे बाबा गेल्यावर लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायचे. चंडीमंदिरला, घरमालकाकडे, ऑफिसात. त्या कुंपणात कुणी बघत नव्हतं. मला तिथं बरं वाटायचं. घरी यावंसं वाटायचं नाही."

कपातला चहा थंड झाला. बाहेर पूर्ण अंधार पडल्यावर त्याने उठून दिवा लावला आणि म्हणाला, "सूप गरम करूँ? संपदाला न्यायचंय."

"कर," त्या म्हणाल्या.

त्या विषयावर दोघं पुन्हा बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तो हॉस्पिटलात जाताना त्यांना बरोबर नेऊ लागला. मुलीचं नाव ओजस्विनी ठेवलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती घरी आली. शशिकलाबाईंनी तिला पहिली आंघोळ घातली. उत्तरेच्या अंगणात, उन्हात.

तेरा ऑक्टोबरला त्या चंदीगडला परतल्या आणि पिशवी घरी टाकून सरळ शेतावर गेल्या. गुरमेलने कार्डांचा गठ्ठा रबर लावून ठेवला होता. प्रत्येकावर गुरमुखी आकड्यांत तारीख, एकही दिवस सुटलेला नाही. शशिकलाबाईंनी गठ्ठा सोडला. सगळी कार्डं लांब, वाकडी, उन्हाळ्याची. सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत जळकी रेघ कार्डाच्या वरच्या काठाला घासत गेलेली. मग काठावरून अर्धी खाली, अर्धी बाहेर. दहा तारखेनंतर काहीच नाही. कोरी. सूर्य खाली उतरत गेला होता आणि त्याचा ठिपका वाटीत वर चढून कार्डाच्या बाहेर, नुसत्या पितळावर पडत राहिला होता. बाहेर महिनाभर निळं आभाळ आणि इथे ऊन शून्य.

"मैडम जी, रोज़ साफ़ निकलता था," गुरमेल काळजीने म्हणाला. "मैंने सोचा, मौसम बदल गया है, धूप में ज़ोर नहीं रहा." कपाटावरचा कागद पावसाच्या ओलीने गळून पडला होता आणि तीन तारीख त्याच्या लक्षातून गेली होती. पण काम त्याने इमानाने केलं होतं. रोज संध्याकाळी येऊन कोरं कार्ड काढून कोरं घातलं होतं.

"तुम्हारी ग़लती नहीं है," शशिकलाबाई म्हणाल्या. आणि मग, कारण नसताना, त्याच्यासमोर रडल्या. गुरमेल पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला.

मधुरिमांना त्यांनी दुसऱ्या दिवशी गठ्ठा दाखवला. शब्द जुळवून ठेवले होते, माफी मागायची होती. मधुरिमांनी दोन-तीन कार्डं बघितली. "अरे! पण ठीक आहे हो शशिकलाताई. यंत्राचे आकडे आहेत ना. आपल्याला दहा महिन्यांची तुलना पुरे होईल. बाळ कसं आहे?"

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी सायकल हातात धरली आणि चालत गेल्या. तीस वर्षांची साखळी तुटली होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. त्यांनी कार्ड घातलं नाही तरी सूर्य रोज वेळेवर शेतापलीकडे उतरला होता, दिवसागणिक मिनिटभर लवकर. तो कुणाच्या नोंदीसाठी थांबला नव्हता. असंच असणार, हे कुठल्याही शाळकरी पोराला कळतं. त्यांना मात्र ते त्या रस्त्यावर, सायकल ढकलताना, पहिल्यांदा कळलं. मग आईच्या वेळी आपण गेलो असतो तरी चाललं असतं, हेही कळलं. त्या एका पुलाच्या कठड्यापाशी थांबल्या. बराच वेळ वाहनं जात राहिली.

पुढचे साडेतीन महिने त्यांनी नेहमीसारखीच कार्डं बदलली. फक्त आता त्या तिथे बसत नसत. पाच मिनिटांत काम उरकून निघायच्या, आणि घरी पोचल्यावर त्या वेळेचं करायचं काय ते समजत नसे. जानेवारीत धुकं आलं, दहा दिवस कोरी कार्डं निघाली. या वेळी ती खरोखर कोरी होती. एकतीस जानेवारी २०२५ला आभाळ मोकळं होतं. शेवटच्या कार्डावर रेघ सकाळी पावणेनऊपासून संध्याकाळी पाचच्या पुढपर्यंत न तुटता गेलेली होती. ऑफिसात चहा-समोसे झाले, एक शाल मिळाली. मधुरिमा म्हणाल्या, कार्डं स्कॅन करून ठेवणार आहोत. करतील कदाचित.

काचेचा गोळा आता ऑफिसातल्या काचकपाटात ठेवला आहे. उघड्यावर ठेवला तर आग लागू शकते.

कैवल्यने त्यांना कायमचं तिकडे ये म्हणून दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, येऊन-जाऊन राहीन. एप्रिलमध्ये दोन महिन्यांसाठी जाऊन आल्या. ओजस्विनी आता धरून उभी राहते. कैवल्य त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलतो, पण सांभाळून. नव्याने ओळख झालेल्या माणसाशी बोलावं तसं. शशिकलाबाईंनाही त्याच्याशी तसंच बोलता येतं. दोघांना बहुतेक अजून वेळ लागेल.

रोज सकाळी साडेसहाला त्या फोन लावतात, तेव्हा तिकडे दुपार असते. इथला सूर्य मावळतो तेव्हा मात्र तिकडे मध्यरात्र उलटलेली असते, सगळे झोपलेले असतात. त्या वेळी फोन करायला कुणी नाही. एअरोसिटीच्या बागेत बाकावर पंजाबी बायकांचा एक घोळका बसतो. त्यांनी दोन-तीनदा हाक मारली, "आओ जी, बैठो." शशिकलाबाई एकदा जाऊन बसल्या. सुनांबद्दल बोलणं चाललं होतं. थोडा वेळ ऐकून त्या उठल्या.

आता त्या बाल्कनीचं दार लावून घेतात, देवापाशी दिवा लावतात, एका माणसाचा भात टाकतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहतात. मग जेवतात.